विभाग प्रतिनिधी झालात? कोणता प्रश्न कोणत्या टेबलावर न्यायचा, ते आधी शिका

पदव्युत्तर वर्गाचा प्रतिनिधी म्हणून नाव लागलं की पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर तक्रारींचा ढीग जमतो. कूलरला पाणी नाही. शिष्यवृत्ती आली नाही. प्रॅक्टिकल संपेपर्यंत अंमळनेरची गाडी निघून जाते. इंटर्नलचे मार्क चढले नाहीत. या चारही गोष्टी घेऊन प्रतिनिधी थेट विभागप्रमुखांकडे जातो, सर ‘बघतो’ म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. सरांना करायचं नसतं असं नाही. या चारपैकी एखाद-दुसऱ्या गोष्टीवरच त्यांची सही चालते. निर्णय कोणाच्या सहीने होतो हे शोधायचं आणि त्या सहीपर्यंत पुरा कागद वेळेत पोचवायचा, हे प्रतिनिधीचं खरं काम. बाकीची कामं त्यामागून येतात.

इथे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे डोळ्यांसमोर आहेत, म्हणजेच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं क्षेत्र. बांभोरीच्या विद्यापीठ परिसरात विभागांना प्रशाळा म्हणतात आणि त्यांच्या प्रमुखांना संचालक. महाविद्यालयात एम.ए., एम.एस्सी. करत असाल तर तुमच्या वर विभागप्रमुख आणि त्यांच्या वर प्राचार्य. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयासारखं कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षेचे बहुतेक प्रश्न कॉलेजच्याच परीक्षा विभागात सुटतात, त्यासाठी बांभोरीला जाण्याची गरज नसते. हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्या.

आपलं पद कागदावर आणा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 99 मध्ये विद्यार्थी परिषदांची तरतूद आहे. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने येणारा एक प्रतिनिधी ही त्यातली पदं. 1994 च्या जुन्या कायद्यात गुणवत्तेवरून नेमणूक होई, नव्या कायद्यात निवडणूक आली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विभाग अजूनही शिक्षकांच्या संमतीने प्रतिनिधी नेमतात. तुमचं नाव कसंही लागलं असो, विभागप्रमुखांच्या सहीचं, तारीख आणि कालावधी असलेलं पत्र मागून घ्या. ते नसेल तर ‘आमच्या वर्गाच्या वतीने’ असं लिहिलेला अर्ज बऱ्याच कार्यालयांत एकट्या विद्यार्थ्याचा अर्ज धरला जातो.

निवडणूक होणार असेल तर विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने त्या 2006 मध्ये लागू केल्या. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 5,000 रुपये. छापील पोस्टर चालत नाही, हाताने लिहिलेलंच चालतं. हजेरी विद्यापीठाने ठरवलेली किंवा 75 टक्के, जी जास्त असेल ती. विषय मागे राहिलेले नकोत. सर्वात जास्त उमेदवार हजेरीवर अडकतात. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःची हजेरी लेखी काढून घ्या. आणि निवडून आल्यावर बैठकांसाठी तास बुडणार असतील तर त्याची परवानगीही लेखीच घ्या. नाहीतर सत्राच्या शेवटी तीच बाब तुमच्यावर उलटते.

पहिले पंधरा दिवस

एक साधी यादी करा. नाव, वर्ष, कुठून येतात, वसतिगृहात राहतात की अप-डाउन करतात, आणि पीएच.डी.ला असतील तर नोंदणीची तारीख. जात किंवा उत्पन्न या यादीत लिहू नका आणि ग्रुपवर विचारूही नका. शिष्यवृत्तीची अडचण असणाऱ्यांना खासगीत कळवायला सांगा.

मग आपल्याबरोबर तीन जण घ्या. एक वसतिगृहातला, एक अप-डाउन करणारा, एक संशोधक विद्यार्थी. या तिघांत आणि तुमच्यात मिळून किमान एक मुलगी असलीच पाहिजे. तुम्ही स्वतः वसतिगृहात राहत असाल तर सकाळची गाडी पकडून येणाऱ्याची अडचण तुमच्यापर्यंत पोचतच नाही. एकट्याने प्रतिनिधीपद चालवणारे बहुधा इथेच चुकतात, कारण त्यांना फक्त आपल्या खोलीच्या आसपासचे प्रश्न दिसतात.

भाषेचंही भान ठेवा. धडगाव, अक्कलकुव्यातून आलेला पावरी किंवा भिलोरी बोलणारा मुलगा वर्गासमोर उठून तक्रार मांडणार नाही. शिंदखेड्याची मुलगी अहिराणीत जे दोन मिनिटांत सांगेल, ते प्रमाण मराठीत सांगताना अडखळेल. ऐकून त्यांच्या बोलीत घ्या, अर्जाची भाषा तुम्ही करा, आणि तो अर्ज त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पुढे देऊ नका.

कोणत्या टेबलावर काय सुटतं

वेळापत्रक, प्रयोगशाळेची वेळ, विभागाच्या ग्रंथालयाच्या चाव्या, इंटर्नलचे गुण भरणं, प्रकल्पाचे गट हे सगळं विभागप्रमुखांच्या हातात असतं. यासाठी कुलगुरूंना निवेदन देणं म्हणजे महिनाभराचा उशीर, कारण तो कागद फिरून पुन्हा विभागप्रमुखांकडेच अभिप्रायाला येतो.

निकाल, गुणपत्रिकेतली चूक, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे. वसतिगृहाच्या बाबी आधी रेक्टरकडे. पाणी, वीज, छत, स्वच्छतागृह यांसाठी विद्यापीठ परिसरात अभियांत्रिकी विभाग असतो, पण मागणी प्रशाळेमार्फतच गेली पाहिजे. विद्यार्थी परिषद, क्रीडा, कमवा आणि शिका यांसाठी विद्यार्थी विकास विभाग. अभ्यासक्रमातला बदल अभ्यास मंडळातून विद्यापरिषदेकडे जातो. त्यामुळे चालू सत्रात बदल होईल अशी आशा वर्गाला दाखवू नका, पुढच्या तुकडीसाठी मागणी करा आणि तसं स्पष्ट सांगा. पैसे लागणारी कोणतीही मोठी गोष्ट असेल तर विद्यापीठाचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं हे ध्यानात ठेवा. प्रशाळा अंदाजपत्रकाच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी पाठवते. प्रयोगशाळेतली विषारी वाफ बाहेर टाकणारं नवं फ्यूम हूड हवं असेल तर दिवाळीच्या आसपास मागा. मार्चमध्ये मागितलं तर ते वर्षभर पुढे ढकललं गेलं असं समजा.

काही टेबलं विद्यापीठाबाहेर असतात. एसटीचा थांबा किंवा गाडीची वेळ आगार व्यवस्थापकांकडे. आदिवासी विकास विभागाच्या जळगावातल्या वसतिगृहांचा प्रश्न यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जातो. नंदुरबार जिल्ह्यात त्यासाठी नंदुरबार आणि तळोदा अशी दोन कार्यालयं आहेत. या ठिकाणी विद्यापीठाचं शिफारसपत्र जोडलं तर कागद लवकर हलतो.

एकाच प्रश्नाला कधी दोन टेबलं असतात. मग जवळचं निवडा. गाडीचंच बघा. एसटीची वेळ बदलून घ्यायला महिने लागतात, प्रॅक्टिकलची वेळ बदलायला एक सही पुरते.

अर्ज कसा लिहायचा

एका अर्जात एकच विषय. पाच मागण्या एकत्र लिहिल्या की कार्यालय त्यातली सर्वात सोपी निवडतं, तिचं उत्तर देतं आणि प्रकरण निकाली काढतं. अर्ज एका पानात संपवा. संख्या द्या, आणि काय करावं हेही सांगा. नमुना असा:

*प्रति, मा. संचालक, … प्रशाळा*
*विषय: सोमवार व गुरुवारचे प्रात्यक्षिक दुपारी 2 ऐवजी 1.30 वाजता सुरू करण्याबाबत*
*महोदय, एम.एस्सी. द्वितीय वर्षातील 38 पैकी 17 विद्यार्थी अंमळनेर, धरणगाव व एरंडोल येथून रोज ये-जा करतात. प्रात्यक्षिक 5.30 वाजता संपत असल्याने परतीची गाडी गाठण्यासाठी त्यांना शेवटचा अर्धा तास सोडावा लागतो व नोंदी अपूर्ण राहतात. मधली सुट्टी एक तासाऐवजी अर्धा तास ठेवल्यास प्रात्यक्षिक 5 वाजता संपेल. यास सर्व 38 विद्यार्थ्यांची संमती असून सह्यांची यादी जोडली आहे. प्रयोगशाळा सहायकांचीही हरकत नाही. पुढील सोमवारपासून हा बदल करावा, ही विनंती.*

यात ‘विद्यार्थ्यांची प्रचंड गैरसोय होत आहे’ असं एकही वाक्य नाही. त्याची गरजच पडत नाही. ज्यांना अडचण नाही अशा 21 जणांची संमतीही आधीच घेतली आहे, त्यामुळे ‘बाकीच्यांचं काय?’ हा प्रश्न उरत नाही. आणि ज्यांच्या कामाची वेळ बदलणार, त्या प्रयोगशाळा सहायकांशी आधी बोलणं झालं आहे. हे बोलणं राहिलं तर मंजूर झालेला बदलही दोन आठवड्यांत मोडतो.

संचालकांच्या वरच्या कोणालाही लिहायचं तर ‘मार्फत: मा. संचालक’ ही ओळ हवीच. तिच्याशिवाय गेलेला कागद परत येतो. दोन प्रती काढा. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरा. पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो लगेच ग्रुपवर टाका.

यासाठी एक वही ठेवा. तारीख, विषय, किती जणांचा प्रश्न, कोणाला दिलं, आवक क्रमांक, पुन्हा कधी विचारायचं, काय उत्तर आलं, असे सात रकाने पुरतात. ‘पुन्हा कधी विचारायचं’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नका. चौकशीला जाताना क्रमांक सांगून विचारा, कारकुनाला फाइल शोधणं सोपं जातं. त्यांच्याशी नीट बोला. विभागातला लिपिक आणि शिपाईकाका यांना कोणता कागद कुठे अडकतो हे अनेकदा सरांपेक्षा जास्त माहीत असतं.

उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर. ‘का केलं नाही?’ असं विचारू नका. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. कारण विचारलं की टाळता येतं, कागद मागितला की टाळता येत नाही.

शिष्यवृत्ती: इथे सर्वात जास्त वेळ द्या

खान्देशात अनेकांचं शिक्षण महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणाऱ्या पैशांवर उभं असतं. तो हप्ता अडला की मेसचे पैसे थकतात आणि मग वर्गातली जागा रिकामी होते. प्रतिनिधीने इतर काही केलं नाही आणि एवढंच नीट सांभाळलं, तरी वर्षाचं सार्थक झालं असं आमचं मत आहे.

पैसे न येण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, आधार आणि बँक. ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर थांबू नका. थेट लाभासाठी आधार कोणत्या बँकेशी सीड झालंय, म्हणजे शासनाचा पैसा घेण्यासाठी जोडलं गेलंय, ते माय आधार पोर्टलवर दिसतं, ते प्रत्येकाला स्वतः बघायला लावा. पैसा शेवटी सीड झालेल्या खात्यात जातो. सिमकार्ड घेताना किंवा एखाद्या शिबिरात उघडलेलं खातं विद्यार्थी विसरून गेलेला असतो आणि हप्ता तिथे जाऊन पडलेला असतो. दुसरं, अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झालेला असतो आणि विद्यार्थ्याने पुन्हा लॉगिनच केलेलं नसतं. संदेश जुन्या मोबाइल नंबरवर जातो. तिसरं, पहिल्या वर्षाचा अर्ज मंजूर न होताच अडकलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला वाट मिळत नाही. चौथं, निकाल उशिरा लागतो आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडता येत नाही. हे चौथं कारण एकट्या विद्यार्थ्याच्या हातात नसतं, म्हणून ते तुमचं काम. किती जणांचे अर्ज निकालावाचून अडलेत याची यादी करून ती परीक्षा विभागाला आणि शिष्यवृत्ती कक्षाला एकाच दिवशी द्या.

महिन्यातून एकदा, अर्धा तास, सगळ्यांनी मोबाइलवर लॉगिन करून आपल्या अर्जाची स्थिती बघायची असा शिरस्ता पाडा. पासवर्ड कोणाचाही स्वतःकडे घेऊ नका. अर्ज विद्यार्थ्याकडून कॉलेजच्या लिपिकाकडे, तिथून प्राचार्य किंवा संस्थाप्रमुखांकडे आणि मग संबंधित विभागाकडे जातो. कोणत्या पायरीवर किती अर्ज थांबलेत हे कळलं की कोणाला भेटायचं ते आपोआप ठरतं.

अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात भोजन, निवास आणि निर्वाहाची रक्कम थेट खात्यात येते. भाड्याच्या खोलीत चार-पाच जण मिळून राहणाऱ्या कित्येकांना ती माहीतच नसते. त्यांना शोधून सांगा.

फीचे हप्ते मागायचे असतील तर अर्जात मोघम विनंती करू नका, तारखा लिहा. कोरडवाहू कापसाच्या घरात पैसा वेचणी होऊन माल विकला गेल्यावर येतो. पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी आणि दुसरा डिसेंबरअखेर, असं लिहिलेला अर्ज लेखा विभागाला मंजूर करणं सोपं जातं.

संशोधक विद्यार्थी

एम.एस्सी.चा प्रतिनिधी पीएच.डी.वाल्यांना विसरतो, कारण ते वर्गात दिसत नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि बोलायची भीती जास्त असते, कारण सगळं एकाच मार्गदर्शकावर अवलंबून असतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे पीएच.डी. नियम वाचून ठेवा. किमान कालावधी 3 वर्षं, कमाल 6, त्यावर 2 वर्षांपर्यंत मुदतवाढ. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी 2 वर्षं. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत रजा. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. ही शेवटची अट सर्वात कामाची. बैठक वेळेवर झाली नाही तर प्रगती अहवाल अडतो, आणि अधिछात्रवृत्तीचा (फेलोशिपचा) हप्ता अहवालावर अवलंबून असेल तर तोही थांबतो. तेव्हा एकेकट्याने मार्गदर्शकांना विनवण्याऐवजी ‘सत्रातील सल्लागार समितीच्या सर्व बैठकांचं वेळापत्रक प्रशाळेने जाहीर करावं’ असा एकच अर्ज प्रतिनिधीने द्यावा. कोणाचंही नाव पुढे येत नाही आणि सगळ्यांचं काम होतं. नाव न घेता सुटणारा प्रश्न नाव न घेताच सोडवा.

एम.ए., एम.एस्सी.च्या नव्या रचनेत पहिल्या वर्षी 4 श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प असतो. ठिकाणं शोधणं सत्र सुरू होताच विभागाबरोबर बसून ठरवा. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक, पाइप, चटई आणि डाळमिलचे कारखाने आहेत, पण एका कारखान्याकडे वीस जणांनी वेगवेगळे फोन केले तर तिथे कोणालाच घेत नाहीत. विभागाचं एकच पत्र न्या.

जे तुम्ही सोडवायचं नाही

लैंगिक छळ, रॅगिंग, जातीवरून अपमान. यात चौकशी करू नका, दोन्ही बाजूंना बसवून मिटवू नका, ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची असते. ‘आधी आपापसात बघू’ म्हणताना ही मुदत निघून जाते, आणि नुकसान तक्रारदाराचं होतं. रॅगिंगसाठी 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तुमचं काम एवढंच, की तक्रारदाराला हवं असेल तर तिच्या किंवा त्याच्या सोबत समितीपर्यंत जायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

प्रवेश, फी, मूळ कागदपत्रं अडवणं, निकालाची दिरंगाई अशा तक्रारींना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. फक्त गुण कमी वाटतात म्हणून लोकपालांकडे जाता येत नाही, ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. हे न सांगता विद्यार्थ्याला तिकडे पाठवू नका.

परिषदेच्या बैठकीत

विषयपत्रिका आल्यावर ती वर्गात वाचून दाखवा आणि प्रत्येक विषयावर कौल घ्या. तिथे तुम्ही स्वतःचं मत मांडायला बसलेले नसता. आपला विषय घ्यायचा असेल तर बैठकीच्या आठवडाभर आधी लेखी द्या, ‘आयत्या वेळचे विषय’ यात ठेवला तर चर्चा होते, ठराव होत नाही. ठराव तयार करूनच न्या: कोणी, काय, कधीपर्यंत करावं अशी शिफारस. इतिवृत्त आलं की आपला ठराव जसा मांडला तसा लिहिलाय का ते तपासा, चूक असेल तर पुढच्या बैठकीत कायम होण्याआधी लेखी दुरुस्ती द्या. जाता येत नसेल तर तिघांपैकी एकाला कळवून पाठवा. आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळी ग्रुपवर टाका, नकार मिळाला असेल तरीही. नकार लपवणाऱ्या प्रतिनिधीवरचा विश्वास फार लवकर उडतो.

तारखा ठरवताना

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि पावरा, भिल्ल विद्यार्थी घरी जातात. त्या आठवड्यात सर्वेक्षण, निवडणूक किंवा सेमिनार ठेवला तर त्यांचा आवाज वगळला जातो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली घरी जातात, श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे तिचा सण असतो. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 अंशांवर जातो, म्हणून परीक्षा हॉलमधले पंखे, कूलर आणि पिण्याचं पाणी यांची मागणी फेब्रुवारीतच द्या. निविदा आणि दुरुस्तीला वेळ लागतो. शक्य तिथे सकाळचं सत्र मागा.

पद सोडताना

शेवटच्या परीक्षेच्या आधीच नव्या प्रतिनिधीला वही, पोच घेतलेल्या प्रतींची फाइल आणि अजून उत्तर न आलेल्या अर्जांची वेगळी यादी द्या. लिपिक, रेक्टर, शिष्यवृत्ती कक्ष, परीक्षा विभाग इथे एकदा सोबत जाऊन ओळख करून द्या. ग्रुपचं ॲडमिनपद बदला, गोळा केलेल्या फोन नंबरांची आणि शिष्यवृत्तीच्या अडचणींची जी यादी तुमच्या मोबाइलमध्ये आहे ती पुसून टाका. वर्गाने काही वर्गणी काढली असेल तर पावत्यांसह हिशेब ग्रुपवर टाकून शिल्लक रक्कम त्याच दिवशी हवाली करा.